पंचाच्या दशा

परवा आमच्या सिंदी मेघेत (रेल्वेवाली सिंदी वेगळी, पत्ता देताना हे सांगावंच लागतं) भाजीवाल्या पोरानं मला ‘काकाजी’ म्हटलं. कालपर्यंत मी ‘भाऊ’ होतो. वरचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, मागायचंही भान राहिलं नाही, तसाच घरी आलो.

तशा नोटिसा आधीच येऊन गेल्या होत्या. चाळिशी लागली होती. मराठीनं चष्म्यालाच वयाचं नाव देऊन ठेवलंय, लपवायची सोय नाही. डोळ्यातलं भिंग जन्मभर थर चढवत ताठर होतं, मग जवळचं पाहायला फुगतच नाही. पाठोपाठ गुडघा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, ‘‘गॅप कमी झाली.’’ घरात दोन पिढ्यांतली वाढत होती, ही तेवढी कमी झाली.

पण खरी मेख पेशीत आहे. घरातला खादीचा पंचा धुता धुता त्याच्या दशा झडतात. त्या संपल्या की वीण उसवायला लागते. गुणसूत्रांच्या टोकांनाही अशाच दशा असतात, टेलोमेअर. पेशी दुभंगली की त्या थोड्या तोकड्या होतात. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की काचपात्रात माणसाच्या पेशी पन्नासेक वेळा दुभंगतात आणि थांबतात. मरत नाहीत हो! काम सोडून बसून राहतात आणि शेजारच्या पेशींची डोकी तापवतात. आमच्या पारावर अशी चार-पाच मंडळी रोज असतात.

दशा परत विणणारं विकरही आहे, टेलोमरेज. या शोधांसाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. वाचून मला हुरूप आला. पुढल्याच पानावर कळलं, बहुतेक कॅन्सरपेशी हेच विकर चालू करून दुभंगत राहतात. म्हातारपणाला साफ नकार देणारी पेशी म्हणजे ती.

इथून सायकलच्या टप्प्यावर सेवाग्राम. बापूंनी सव्वाशे वर्षं जगायची इच्छा बोलून दाखवली होती. पुढे दंगली पाहून त्यांनीच ती सोडली. आजवर पक्की नोंद असलेलं सर्वांत मोठं आयुष्य फ्रान्सच्या जान काल्माँ यांचं, १२२ वर्षांचं. म्हणजे बापूंनी मागणी तीन वर्षं चढीच केली होती.

आज पुन्हा भाजीला गेलो. ‘‘काकाजी, परवा सांभार राह्यला ना तुमचा,’’ म्हणत पोरानं दोन मुठी पिशवीत टाकल्या. भाऊ असताना एकच मिळायची.