राजमान्य राजश्री वॉरंटी कार्ड यांस

तोरण्याच्या पायथ्याचं एक गाव, तालुका वेल्हे (आता राजगड, नाव बदललं, पाऊस तोच), जिल्हा पुणे, येथून सा. न. वि. वि.

आपण कुशल असालच. लोखंडी ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि सात-बाराच्या मधोमध आपला मुक्काम आहे. तिथे ऊन लागत नाही, पाणी शिरत नाही. आमचं तसं नाही. आम्ही आपल्या पत्र्याखाली राहतो.

आपली-आमची गाठ निसर्ग वादळाने घालून दिली. ३ जून २०२०. दुपारी ते श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि तिथून सह्याद्री चढून आमच्याकडे आलं. आमची मंगलोरी कौलं आधी नुसती थरथरली, मग एकेक करून उठली आणि अंगणात उतरली. वासे जागेवर राहिले हे नशीब. जून लागलेला, डोक्यावर ताडपत्री, चुलीजवळ बादल्या. अशा वेळी माणूस पत्रा निवडत नाही, मिळेल तो घेतो. दुकानदाराने निळा रंगीत पत्रा दाखवला, त्यावर आपल्याला ठेवलं आणि म्हणाला, "दहा वर्षं बघायचं काम नाही, मामा. कंपनी वॉरंटी आहे."

बघायचं काम नाही म्हणाला, म्हणून आम्ही आपल्याला बघितलंच नाही. ही चूक आमची.

गेल्या श्रावणात, म्हणजे सहाव्या पावसाळ्यात, गोठ्यावरच्या पत्र्याला तांबूस ठिपके दिसले. बोटाने दाबलं तर पापुद्रा सुटला आणि तिळाएवढं आभाळ दिसलं. तेव्हा ट्रंक उघडली. चष्मा पुरेना म्हणून नातवाने मोबाइलवर आपला फोटो काढला आणि मोठा करून वाचून दाखवला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत दहा वर्षं. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत ती कशी मिळणार नाहीत त्याची यादी.

जनावरं बांधली जातात तिथे हमी नाही. धूर लागतो तिथे नाही. ओलं सिमेंट लागलं तर नाही. उतार पाच अंशांपेक्षा कमी असेल तर नाही. पत्र्यावर कुणी चाललं तर नाही. पावसाने आपोआप धुतला जात नाही तो भाग, म्हणजे वळचणीखालचा, वेळोवेळी स्वतः धुतला नसेल तर नाही. वादळवारा, गारपीट ही दैवी आपत्ती, तिथे तर नाहीच. ज्या वादळामुळे आपण घरात आलात, त्याच वादळाला आपण ओळख देत नाही. हे मात्र मला जरा कृतघ्नपणाचं वाटलं.

म्हणजे पत्रा ट्रकमधून उतरवून, कोरड्या जागेत, माणूस-जनावरापासून दूर ठेवला तर दहा वर्षं टिकेल याची आपण खात्री देता. छप्पर म्हणून वर चढवला की तो आमचा.

सगळीच कलमं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. गोठ्याचं कलम खरं आहे. या पत्र्याच्या पोलादावर जो लेप असतो त्यात साधारण ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या वर जस्त आणि उरलेलं सिलिकॉन. चौरस मीटरला, दोन्ही बाजू धरून, चांगल्या पत्र्यात १५० ग्रॅम. शेणामुताच्या वाफेतला अमोनिया आणि ओल्या सिमेंटचा चुना या लेपातल्या ॲल्युमिनियमला खातात. हे मला आता कळलं. पण पत्रे ट्रॅक्टरवर चढवताना दुकानदारानेच विचारलं होतं, "गोठ्यावर पण हाच टाकणार ना?" आणि चार पत्रे जास्त लावले होते. तेव्हा आपण त्याच्या खिशात होता. एक शब्द बोलला नाहीत.

दुसरा गंज छपराच्या कडेला. तिथे फॅब्रिकेटरने पत्रे कटरने कापले होते. ठिणग्या उडाल्या तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती. त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते रंगात रुतून बसले आणि पहिल्या सरीत गंजले. पत्र्याच्या कात्रीने कापलं असतं तर हे झालं नसतं. मी कंपनीला फोन केला, त्यांनी फिटिंगवर बोट ठेवलं. फिटरला फोन केला, तो म्हणाला, "दादा, हल्लीचा पत्राच कागदासारखा येतो." दोघांचंही थोडं खरं, म्हणून दोघंही सुटले. हमी पत्र्याची, स्क्रूची नाही, वायसरची नाही, मजुरीची नाही. आणि घर गळतं ते बहुतेक वेळा पत्र्यातून नाही, उन्हाने चिरलेल्या वायसरमधून.

मग तक्रारीसाठी लागणारा बॅच नंबर. आपल्यावरची ती जागा दुकानदाराने कोरी सोडलेली. नंबर पत्र्याच्या खालच्या बाजूला छापलेला असतो म्हणून मी म्हशीच्या डोक्यावर, माळ्यावर उताणा पडून, बॅटरी दातात धरून ती ओळ शोधली. कंपनीचं नाव मिळालं. जाडी मिळाली, ०.४५ मिलिमीटर. (दुकानदाराने ०.५० सांगितली होती. लेप आणि रंग धरून की न धरून, हा प्रश्न खरेदी करताना विचारायचा असतो.) पुढचा नंबर नेमका दुसऱ्या पत्र्याच्या जोडाखाली गेलेला. तो वाचायचा तर छप्पर उतरवायला हवं, आणि छप्पर कंपनीच्या परवानगीशिवाय उतरवलं तर हमी रद्द.

समजा सगळं जमलं. तरी आपण दरवर्षी दहावा भाग वजा करता. पत्रे ५८ हजारांचे, गंज दिसला तेव्हा पाच वर्षं सरलेली, उरले २९ हजार. तेही रोख नाही, पत्रा किंवा रंगाचा डबा, यातलं काय ते कंपनी ठरवणार. जुना उतरवायची, नवा चढवायची मजुरी आमची. मुदत मोजायची कारखान्यातून माल निघाल्या दिवसापासून. तक्रार दोष दिसल्यापासून तीस दिवसांत, आणि भांडायचंच असेल तर कंपनी ज्या महानगरात आहे तिथल्याच कोर्टात.

इथे आपलं थोडं चुकलं, कार्डसाहेब. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी पुणे, वेल्ह्याहून स्वारगेटची एसटी. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर तर आमच्या नातवाला पाठ झाला आहे. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण पुण्यापर्यंत जातं. अर्थात तिथे बिल लागतं. आमच्याकडे पांढऱ्या चिठ्ठीवर 'पत्रा – रंगीत' इतकंच लिहिलंय, तारीखही नाही. दुकानदाराने पक्क्या बिलाचा कर वाचवायची सवलत दिली होती आणि आम्ही हसत घेतली होती.

आता आईची गोष्ट. ती म्हणते, कौलाला कुठे कार्ड होतं? नव्हतं. त्या कौलांची जात बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून रुजवली. पाठीवर कारखान्याचा शिक्का असायचा, वर्षांचा वायदा नसायचा. दर वैशाखात घर शाकारायचं, फुटलेलं कौल काढून तिथे नवं सरकवायचं, झालं. पण आईला हेही आठवतं की माकडांनी एका दुपारी चाळीस कौलं फोडली होती, आणि शाकारणीला गडी आता मिळतो कुठे? पोरं शिरवळच्या कंपन्यांत. म्हणून परत कौलांवर जा असं मी कुणाला सांगत नाही. पत्राच घालणार आहे.

तरी आपण ट्रंकेत सुखाने राहावं. आपली मुदत अजून चार वर्षं आहे.

आपला,
मूळ खरेदीदार (हस्तांतरणास अपात्र)

ता. क. : नव्या पत्र्याचं पक्कं बिल घेतलं. त्यावर जाडी, लेपाचे ग्रॅम आणि बॅच नंबर लिहून घेतले, आणि चढवण्याआधी नातवाने प्रत्येक पत्र्याच्या पोटाचा फोटो काढला. गोठ्यावर यंदा सिमेंटचा पत्रा. फिटरला म्हटलं, तुझ्या कामाचंही काही लिहून दे. तो लाजला, कानामागचं पेन काढून बिलाच्या पाठीवर लिहिलं : 'दोन पावसाळे गळलं तर मी येतो. जेवण तुमचं.' खाली सही. त्यात दैवी आपत्तीचा उल्लेख नाही.