कुलरसमोरचं सामान्यज्ञान

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात गोंदियाच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. भंडाऱ्यातून वेगळा होऊन 1 मे 1999 रोजी जिल्हा झाला, तालुके आठ, पीक धान, राष्ट्रीय उद्यान नवेगावचं. संपलं. हे लिहिणारे बहुधा पुण्याचे असतात आणि लिहितात पावसाळ्यात. नाहीतर ज्या जिल्ह्याचा वाढदिवस 1 मेला येतो, त्याच्याबद्दल एखादा सहानुभूतीचा शब्द पडला असता.

खरं तर सूर्य मुंबईच्या आधी अर्धा तास आमच्याकडे येतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, आणि मुंबई-गोंदियात सात अंशांहून थोडं जास्त अंतर. म्हणजे मुंबईकर कूस बदलतो तेव्हा आमची गच्ची तापायला लागलेली असते. घड्याळ मात्र दोघांचं एकच, त्यामुळे ऑफिस दोघांचंही दहालाच. ही फसवणूक कुठल्याच पुस्तकात प्रश्न म्हणून येत नाही.

मे महिन्यात बारा ते पाच कुणी बाहेर पडत नाही. पडलंच तर डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून. आमच्या घरी त्या वेळी एकच कुलर चालतो. ताट्या नव्या असतात, पण थेट समोर जागा एकाच माणसापुरती. बाजूच्यांना थोडा वारा मिळतो, मागच्यांना फक्त आवाज. त्या जागेवरून पोट्ट्यांच्या मारामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा निवृत्त मास्तर असलेल्या आमच्या मामांनी नियम काढला: बरोबर उत्तर देईल तो समोर बसेल आणि चुकेल तेव्हा उठेल. तेव्हापासून आमच्या घराण्यात विद्येची जी आस लागली, ती दहा वर्षं शाळेत जाऊनही लागली नव्हती.

यंदा कोल्हापूरचे जावईबापू आले, तेही महाराष्ट्र एक्सप्रेसने. ही गाडी कोल्हापूर सोडते आणि पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करत एक अख्खा दिवस नि वर काही तासांनी गोंदियाला टेकते. एवढ्या वेळात महाराष्ट्राबाहेर चाक टाकत नाही. सगळं राज्य खिडकीतून बघून आलेल्या माणसाला भूगोल येतोच, असा जावईबापूंचा समज होता. अंघोळ करून ते थेट कुलरसमोर बसले. जावई म्हटल्यावर उठवणार कोण?

मामांनी पहिलाच प्रश्न टाकला. "पृथ्वी सूर्याच्या जवळ कधी असते जी?"

"आत्ता!" जावईबापू घाम पुसत म्हणाले. "ह्याहून जवळ काय घरात येणाराय व्हय?"

उत्तर जानेवारी. आपण थंडीत कुडकुडतो तेव्हा सूर्य सर्वांत जवळ असतो, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सर्वांत लांब. उन्हाळा होतो तो पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे. जावईबापू बाजूला सरकले.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. 'उत्तररामचरित' लिहिणारा भवभूती कुठला? "उज्जैन," असं मागून कुणीतरी ठोकून दिलं. भवभूती आठव्या शतकातला. त्याने आपलं गाव पद्मपूर सांगितलंय आणि वा. वि. मिराशींच्या मते ते आमच्या आमगावजवळचं पदमपूर. हे मला तरी सहज पटतं. ज्याने इथला मे महिना काढलाय, तो लेखक करुण रसाकडे वळणार नाही तर काय शृंगाराकडे?

खाण्याचा विषय निघाला तेव्हा आजीने माळ बाजूला ठेवली. घड्याळाच्या नावाचा तांदूळ कोणता, यावर सगळे एकदम ओरडले, "एचएमटी!" पण तो काढला कुणी, हे एकट्या आजीला माहीत होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी. त्यांना आपल्या शेतातल्या पटेल-3 धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि त्यातून हे वाण उभं राहिलं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं मोठी गोष्ट, म्हणून नाव तेच पडलं. जावईबापूंनी लगेच आजरा घनसाळ पुढे केला. भात शिजला की गल्लीभर वास जातो, म्हणाले. "वासानं पोट भरत असन तर चांगलंच हाय," आजी म्हणाली आणि समोरच्या जागेवर जाऊन बसली.

बसल्या बसल्या तिनेच विचारलं, "मोहाचं फूल कसं तोडते, सांगा जावईबापू."

"झाडावर चढून. नायतर आकडीनं."

आजी हसली ती दातांची कवळी सांभाळत. मोह कुणी तोडत नाही. मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात तो आपणच गळतो. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन मोकळी करून ठेवायची, आणि उजाडायच्या सुमाराला टोपलं घेऊन खाली वाकायचं. पिवळसर, रसरशीत, बोटाला चिकटणारी फुलं. उशीर केला की गाई-बकऱ्या आधी पोचतात. वाळली की मनुकांसारखी होतात आणि वर्षभर टिकतात. त्यांचं पुढे आणखी काय होतं, हे जावईबापूंना बरोबर माहीत निघालं. पण मामांनी त्या उत्तराला गुण दिले नाहीत.

नवतपा लागला होता, म्हणजे सूर्य रोहिणीत शिरल्यानंतरचे ते नऊ दिवस. अशात ऐन बाराला लाईन गेली. कुलर घरघरत थांबला आणि ज्ञानाची सगळी उतरंड क्षणात कोसळली. मामा म्हणाले, चला गच्चीवर, आज सावली गायब होते. खरंच होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सूर्य गोंदियाच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि बारा वाजून काही मिनिटांनी उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. सावलीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी त्याच दिवशी तिची रजा.

आम्ही वाळत घातलेल्या कुरडया चुकवत ॲन्टेनाच्या पाइपाभोवती जमलो. जावईबापू अनवाणी आले होते, त्यामुळे त्यांना एका जागी उभं राहून निरीक्षण करणं जमत नव्हतं. पाइपाची सावली आखडत आखडत खरोखर नाहीशी झाली. पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या.

"ह्यात काय!" जावईबापू एका पायावरून दुसऱ्या पायावर जात म्हणाले. "आमच्यात हे मेच्या पहिल्याच आठवड्यात होऊन जातंय. सूर्य आधी कोल्हापूरला, मग तुमच्याकडं."

हे मात्र शंभर टक्के बरोबर होतं. मामांनीही मान डोलावली. आजी जिन्यात, सावलीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती.

"तरीच जी," ती म्हणाली. "तिकडून तीन हप्ते तापत तापत येते, आन् सारा राग आमच्यावर काढते."