मानधनाचा मान

शालेय पोषण आहार योजनेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे अधिकृत पदनाम ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. एका माणसात दोन पदे बसवण्याची काटकसर त्यातला ‘तथा’ साधतो. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरापर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरामागे आणखी एक, असे नेमणुकीचे प्रमाण आहे. निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे त्यांचीच.

त्यांना पगार नसतो, मानधन असते. पगाराला किमान वेतनाचा कायदा आडवा येतो. मानाला किमान मर्यादा नसते. केंद्राने २००९ मध्ये ही रक्कम दरमहा १,००० रुपये ठरवली, तीही वर्षातले दहाच महिने. शाळा बंद तर चूल बंद, हा हिशेब शाळेच्या चुलीपुरता बिनचूक आहे. बाईंच्या घरची चूल त्यात धरलेली नाही. महाराष्ट्राने पदरची भर घालून आकडा वाढवला, पण शब्द मानधनच ठेवला.

डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील अशा १,००० रुपयांना वेठबिगारी म्हटले आणि किमान वेतन देण्यास सांगितले. कोशात एका शब्दाची भर पडली. केंद्राचा आकडा मात्र हजारावरच राहिला.