साडेचौदा टक्के

सॅस्कॅचेवानात सुगीच्या दिवसांत घरातला कर्ता म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र. आमचे जावई सहा फुटी, काही हजार एकरांचे धनी. पण ते यंत्र म्हणेल ती पूर्व. गव्हात ओलावा साडेचौदा टक्क्यांच्या वर असला तर तो कोरडा धरत नाहीत. मसुराला चौदा, कॅनोलाला दहा. यंत्राने सोळा दाखवले की घरात सुतक. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत इथे कुणी लग्न काढत नाही, आणि आजारी पडायचं झालं तर पावसाच्या दिवशी पडतात.

हिंजवडीत संगणकासमोर बसणारी माझी लेक आता गव्हाचा दाणा दाढेखाली कट्‌कन फोडते आणि ‘अजून एक दिवस’ असा निकाल देते. लहानपणी हिला भाकरीचा पापुद्रा टोचायचा!

कॅनडाचा बराचसा भाग वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे सरकवतो, सॅस्कॅचेवान सरकवत नाही. कशाला सरकवेल? सकाळी दव उडालं की कंबाईन सुरू, रात्री काड सादळलं की बंद. मग ती रात्र दहाला होवो की दोनला.

संध्याकाळचं जेवण शेतावर न्यायचं काम आम्हां दोघी विहिणींकडे. कुठे न्यायचं ते वॉकीटॉकीवर कळतं: ‘दोन मैल उत्तर, एक पूर्व.’ आमच्या सांगलीकडे मारुतीच्या देवळावरून वळायचं, मग पिंपळ, मग बंद पडलेली गिरणी. इथे मैला-दोन मैलांवर एकमेकांना छेदणारे सरळसोट रस्ते. देऊळ नाही, पिंपळ नाही, वळायला काही निमित्तच नाही. विहीणबाई मात्र बोलता बोलता गाडी वळवतात आणि कुठल्याशा शेताला कुणाचं तरी आडनाव लावून मोकळ्या होतात. तो माणूस शेत विकून गेला त्याला दोन पिढ्या झाल्या. सात-बारा बदलला, नाव काही सुटलं नाही. एवढी एक गोष्ट मला अगदी माहेरची वाटली.

पिकअपच्या मागच्या फळीवर पानं मांडली जातात. माणसं उभ्यानेच जेवतात, एक डोळा ढगाकडे.

मसुराचं नातं मात्र थेट माझ्याशी. हे पीक मूळचं इथलं नव्हे. १९७०च्या दशकात सॅस्कॅचेवान विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्लिंकार्ड यांनी शेतकऱ्यांना त्याचा नाद लावला, १९७८ साली त्यांचं ‘लेअर्ड’ हे वाण आलं, आणि आज कॅनडाचा बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो. झाड बुटकं, शेंगा जमिनीलगत. त्यामुळे कंबाईनचं पातं माती खरवडतच चालतं. म्हणून पेरणीनंतर रोलर फिरवून दगड जमिनीत दाबतात. तरी काही वर येतातच. आयुष्यभर मसूर निवडताना मी वाण्याच्या नावाने बोटं मोडली. खरा धनी माझा जावई निघाला!

एवढा पिकवून घरात मात्र दाणा शिजत नव्हता. मी कोठारातला वाटीभर मसूर आणून आमच्याकडचा झणझणीत अख्खा मसूर केला. जावयांनी लालबुंद होत विचारलं, हे कुठून आणलंत?

आल्यापासून ते मला रोज विचारतात, ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ मी भारावून गेले. पाऊसपाणी विचारणारा जावई हल्ली सांगली जिल्ह्यातसुद्धा मिळत नाही. लेकीने मग उलगडा केला: भारत मसुराचा मोठा गिऱ्हाईक. तिकडे पाऊस चांगला झाला की इकडचा भाव पडायची भीती. २०१७ च्या डिसेंबरात दिल्लीने मसुरावर तीस टक्के आयात शुल्क बसवलं होतं, त्याचा विषय ते अजूनही माझ्याकडे बघतच काढतात.

गणपतीत विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. तुमच्या देवाला सांगा, दहा दिवस कोरडे जाऊ देत. त्याच दिवशी जतहून धाकट्या बहिणीचा फोन: अक्का, पाऊस पडू दे म्हणून सांग गं त्याला. बाप्पाने दोघींचं ऐकलं. रात्री जावयांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘जतला झाला हो, धो धो झाला!’

त्यांचा चेहरा उतरला. जतला बाजरी होते, डाळिंबं होतात, मसूर कुणी पेरत नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.