केदारनाथले कोणती नेसू?

(रंगमंचावर लोखंडी खाट. खाटेवर कपड्यांचा डोंगर, खाली उघडी सुटकेस, बाजूला एक स्टूल. डोंगरामागून गुरुजी डोकं वर काढतात. पायजमा, बनियन, गळ्यात लोकरी मफलर. हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेत पुढं येतात.)

बसा. खाटेवर नका बसू, तिथं चारधाम आहे.

मी रिसोडचा. निवृत्त मास्तर, विषय भूगोल. सध्या मे महिना. बाहेर पारा 43 वर. आणि गळ्यात हा मफलर. हौस नाही हो! ‘ट्रायल’ चालू आहे. घरचा हुकूम आहे, की तिथं जाऊन टोचला तर तिथं कोणाले सांगाल? इथंच काय ते टोचून घ्या.

परवा स्वेटर आणायला बाजारात गेलो. दुपारी बारा वाजता. दुकानदार माझाच विद्यार्थी. म्हटलं, “बाळा, एक जाड स्वेटर दाखव.”

(दुकानदार होऊन, काळजीनं) “गुरुजी, आधी पंख्याखाली बसा. ए पोऱ्या, पाणी आण रे! गुरुजी, घरून कोणी आलं का संगं?”

त्याला वाटलं, मला ऊन लागलं. म्हटलं, “अरे, केदारनाथला चाललो.” तर म्हणतो, “स्वेटरवाले दिवाळीनंतर येतात गुरुजी. आता टॉवेल आहे, उपरणं आहे. बनियन देऊ का?” आमचा वाशिम जिल्हा 1998 साली झाला. जिल्हाधिकारी आले, कचेऱ्या आल्या. मे महिन्यातला स्वेटर काही अजून आला नाही.

शेवटी घरातलेच जुने काढले. वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांत झोपलेले. त्यातला एक घालून पाहिला, तर मांजर घर सोडून गेलं.

(आतून हाक आल्यासारखं दचकतात.) आली. प्रश्न घेऊन आली.

(बायको होऊन, दोन्ही खांद्यांवर साड्या टाकत) “अहो, पाहा ना. केदारनाथले कोणती नेसू? मोरपंखी का ही जांभळी पैठणी?”

मी म्हटलं, “हे पाहा, केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.”

“ते उतरू द्या. मोरपंखीवर फोटो कसा येईल ते सांगा.”

तीस-बत्तीस वर्षं हा धडा शिकवला. शाळेत पोरं झोपायची. घरी निदान जागं राहून दुर्लक्ष करतात.

“बद्रीनाथले मी हिरवी ठरवली. गंगोत्रीले आंबा कलर. यमुनोत्रीले चिंतामणी.”

“आणि थंडीला?”

“थंडीले काय साडी लागते का? काहीतरीच तुमचं!”

मग मी खाटेवर उभा राहून शास्त्र सांगितलं. थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर चांगले. थरांच्या मधे हवा अडकते, तीच ऊब धरते. आतला थर घाम बाहेर टाकणारा. मधला लोकरीचा. बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा. सुती मात्र आत नको. सुती कापड घाम पितं, लवकर वाळत नाही, आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते.

हे माझ्या आईनं ऐकलं. आई ऐंशीच्या पुढची. ऐकू कमी येतं, पण नेमकं नको ते येतं.

(आई होऊन, कमरेवर हात) “काहून रे? कापसाले नावं ठेवतं? कापूस इकून तुले मास्तर केला तुह्या बापानं. आता कापूस तुले थंडी वाजवते काय?”

वऱ्हाडात कापसाविरुद्ध बोलायचं म्हणजे पंचायतच. मी खाटेवरून खाली उतरलो.

आईचं सामान? एक कापडी पिशवी. म्हटलं, “आई, एवढंच?”

“एक आंगावर, एक दोरीवर. आनखी कायले लागते? गजानन महाराजाची पालखी शेगावहून पंढरपूरले जाते, तं आपल्या रिसोडातूनच जाते ना? कोण्या वारकऱ्याजवळ सुटकेस पाह्यली का तू? महिनाभर पायी चालतेत बाप्पा!”

बायको आतून म्हणते, “त्यायले फोटो नाही टाका लागत!”

(सुटकेसकडे वळून) तर ही भरली. चेन लागेना. मी वर बसलो. लागेना. मेहुणा लोणारहून निरोप द्यायला आला होता, त्याला वर बसवला. चेन लागली, मेहुणा उठेना. म्हणतो, “भाऊजी, उठलो तर उघडते. मीही येतो असाच.”

रेल्वेत स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं. मोजायचं कुठं? नेली अडत दुकानात, सोयाबीनच्या काट्यावर. हमालानं पाठीवर घेतली, टाकली.

(हमाल होऊन, घाम पुसत) “गुरुजी, तूर का सोयाबीन?”

“साड्या आहेत रे.”

“हव? ओलावा तं नाही ना? नाहीतर भाव कमी लागते.”

वजन मी सांगणार नाही. अडत्यानं पावती फाडायला घेतली होती, एवढंच सांगतो.

(प्रकाश मंदावतो. गाडीचा हॉर्न. प्रकाश पुन्हा येतो तेव्हा गुरुजींनी मिळेल ते सगळं एकावर एक घातलेलं आहे. हात अंगाला टेकत नाहीत.)

हे गौरीकुंड. इथून केदारनाथ 16 किलोमीटर, सगळा चढ. आईला चालवणार नाही, म्हणून तिचं आणि हिचं हेलिकॉप्टर ठरवलेलं. त्यासाठी आधी वाटेतल्या फाटा गावच्या हेलिपॅडवर थांबलो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, “सामान माणशी 2 किलो.”

(शांतता. सावकाश प्रेक्षकांकडे बघत) दोन. किलो.

आईनं पिशवी काट्यावर ठेवली. दोन किलोच्या आत! वर तिलाच शंका, “अजून जागा हाय तं लोणच्याची बरणी ठेवू का?”

आणि आमची ही? पैठणीच्या पिशवीकडं पाहते, स्वेटरकडं पाहते. दोन किलोत दोन्ही बसेनात. एकच न्यायचं. देवाचं दार, 43 अंशांतून आलेली बाई, तुम्हीच सांगा, काय नेलं असेल?

(गर्वानं) पैठणी!

पण नेसणार कुठं? वर उतरली तर पाऊस, पावसात बर्फाचे खडे. मी पायी पोचलो तेव्हा ही कोपऱ्यात उभी. दात वाजताहेत. पैठणी होती अंगावर, नाही असं नाही. डोक्यावरून, कानांवरून, गळ्याभोवती गुंडाळलेली. माझ्या शिकवणुकीतला मधला थर! त्यावर भाड्याचा कोट. त्यावर गौरीकुंडाहून मी आणलेला प्लास्टिकचा रेनकोट. निळा. तिथं सगळ्यांचा निळाच.

मोठ्या पुण्याईनं दर्शन झालं. फोटो काढला. गावी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मेहकरहून हिच्या बहिणीचा लगेच फोन.

“लय छान फोटो वं! पण यातली तू कोणती?”

(खाली बसतात. एकेक कपडा उतरवत) आणि ती, मंडळी, रडली. केदारनाथाच्या दारात डोळ्यांत पाणी नाही आलं, ते या प्रश्नानं आलं. म्हणे, “पूर्ण चारधाम झाला आणि मी गेलीच नाही असं वाटते.”

आई म्हणाली, “देवानं पाह्यलं ना तुले?” तर ही म्हणते, “देवानं पाह्यलं. बहिणीनं नाही पाह्यलं!”

(उठून, बनियनवर येत) मग काय, रिसोडला आल्यावर स्टुडिओ गाठला. जून लागलेला, पाऊस बेपत्ता, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा, तोही फोटोग्राफरकडं. हिनं इस्त्री केलेली पैठणी नेसली, वर शाल. मला कोट, मफलर, कानटोपी. मागं हिरवा पडदा.

(फोटोग्राफर होऊन) “वहिनी, केदारनाथ टाकतो मागं. बर्फ किती टाकू?”

“भरपूर टाका. फक्त काठावर नका टाकू.”

तो फोटो आता हॉलमध्ये लागला आहे. परवा मेहकरची बहीण आली. बघत उभी राहिली. खूप वेळ. म्हणाली, “ताई, तू मस्त दिसते वं. पण इतका बर्फ पडून राह्यला, आणि भाऊजी घामानं चिंब काहून?”

(पुठ्ठ्यानं वारा घेत, हात जोडून)

आमची ही म्हणाली, “चढ हाय ना वं बाई तिथं!”

(पडदा.)