आरोग्याचे पंचांग
सम तारखेस पुत्र, विषम तारखेस कन्या, हा इंदुरीकर महाराजांच्या कीर्तनातला सिद्धान्त २०२० साली गाजला, आणि ज्या रयतेला दारी आलेल्या आशाताईंचा लसीचा सल्ला दहादा ऐकूनही पटत नाही, तिला तो मृदंगाच्या एका थापेसरशी पटला. त्यावर संगमनेरच्या न्यायालयात गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यान्वये फिर्याद गुदरली जावी, ही निव्वळ अरसिकता. सोनोग्राफी यंत्रांना मोहरा ठोकण्यापेक्षा आरोग्य खात्याने घरोघरच्या दिनदर्शिकाच जप्त करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरले असते. राहता राहिली एक क्षुल्लक बाब: साध्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९ असूनही, २०११ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८५२ च भरल्या, तरी हक्काच्या तारखा असताना गैरहजर राहिलेल्या कन्यांकडून लेखी खुलासा मागवावा.