मायक्रॉन आणि मुरवत

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी आहे. हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर आपण नुकतेच मंडईतून आलेले दिसता. पण बंदी खरोखरच आहे. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला. पहिल्या खेपेला ५ हजार, दुसऱ्या खेपेला १० हजार, तिसऱ्या खेपेला २५ हजार आणि वर तीन महिन्यांची कैद. त्या जूनमध्ये लोकांनी माळ्यावरून छत्रीच्या आधी कापडी पिशवी काढली. सुटाबुटातली माणसं आजीच्या लुगड्याची पिशवी खांद्याला लावून निघाली. मग यथावकाश सगळं आटोक्यात आलं. म्हणजे बंदी आटोक्यात आली.

पिशवीनं फक्त जागा बदलली. पूर्वी ती तराजूशेजारी खिळ्याला लटकायची. आता बारदानाखाली, कोथिंबिरीच्या आडोशाला असते. भाजीवाला उजव्या हातानं वांगी तोलतो आणि डावा हात आपसूक खाली जातो. दोन बोटं जिभेला लागतात, चिमटीत एक पिशवी सुटते, एक फुंकर, की तोंड उघडलं. आपण 'नको' म्हणेपर्यंत वांगी आत आणि गाठ पक्की. तरीही नको म्हटलंच, तर तो दुखावतो. "काय मावशी, एका पिशवीनं आम्ही भिकेला लागतो काय?" आता मावशी काय बोलणार? पर्यावरण एकीकडे आणि मुरवत एकीकडे. दंडाची आठवण करून दिलीच, तर तो शांतपणे सांगतो, "गाडी दुपारनं येती." कायद्याचं वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाळलं जातं, हे पाहून ऊर भरून येतो.

सरकारची या पिशवीवर माया जुनी आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या निघाल्या आणि पुढच्याच वर्षी राज्यानं ठरवलं, की ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजायला उपकरण लागतं, ते भाजीवाल्याकडे नसतं. त्याच्याकडे मापाचं वजन असतं आणि त्याबद्दलही न बोललेलं बरं. पुढे केंद्रानं सप्टेंबर २०२१ अखेर ही जाडी ७५ वर नेली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. पिशवी उत्तम बाळसं धरते आहे. पिशवीवर तिची जाडी आणि बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असावं असाही नियम आहे. बारदानाखालच्या पिशवीवर मात्र काहीच नसतं. गुप्तदानात नाव घालत नाहीत.

मग १ जुलै २०२२ ला केंद्राची बंदीची यादी लागू झाली. कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या गेल्या, फुग्याच्या काड्या, स्ट्रॉ, काटे-चमचे, ताटं, पेले गेले. मिठाईच्या खोक्यावरचं आणि लग्नपत्रिकेवरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टनही गेलं. यादीत कल्पकता आहे. लॉलीपॉप घ्या. त्याची प्लास्टिकची काडी बेकायदा आहे, पण गोळीवर गुंडाळलेल्या चकचकीत कागदाचं नाव यादीत नाही. वेफर्सचं पाकीट नाही, शाम्पूची पुडी नाही, गुटख्याची तर नाहीच नाही. (गुटख्यावर राज्यात वेगळी बंदी आहे, ती कशी चालते हे टपरीवर विचारावं.) म्हणजे गटारात जे सगळ्यांत जास्त दिसतं ते सोडून, कानात जे जातं त्यावर आघाडी उघडली.

याच यादीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीच्या फलकांनाही मनाई आहे. वाढदिवसाचे फलक लावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. यापुढे नेत्याचा चेहरा किमान १०० मायक्रॉन जाड असला पाहिजे. आमच्या वॉर्डात ही अट फार आधीपासून पाळली जाते. परवा तिथं 'प्लास्टिकमुक्त प्रभाग' असा फलक लागला. त्यावर भाऊ, भाऊंचे भाऊ आणि तळाशी तिकिटाएवढ्या चौकटींत सव्वीस शुभेच्छुक. फलक अर्थातच प्लास्टिकचा. त्याखाली भाऊंच्या हस्ते कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या वाटल्या. त्या कापडासारख्या फक्त दिसतात. दोरा पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच. पण हात जोडलेले भाऊ त्यावर छान उमटतात.

शेजारच्या काकूंनी मात्र मनावर घेतलं. कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून त्या डेअरीत दह्यासाठी घरून स्टीलचा डबा घेऊन गेल्या. डेअरीवाल्यानं तोंडभर कौतुक केलं. रांगेतल्या सगळ्यांना म्हणाला, "बघा, याला म्हणतात संस्कार." मग त्यानं डबा उघडला, आत एक पातळ पिशवी नीट पसरली, तीत अर्धा किलो दही ओतलं, वर गाठ मारली आणि झाकण लावून दिलं.

"काकू, उगाच डबा कशाला खरकटा?"